न आलेला घास

मोठ्या आईचं सरण अजून विझलंही नसेल, आणि माझी आई परसातल्या चुलीपुढे बसून पिठलं हाटत होती.

भावकीत मयत झालं की माणसं घरी थांबतात. मी मुद्दाम शाळेत शिकवायला गेले होते. दुपार कलल्यावर मागच्या दाराने आत आले, तर परस धुराने भरलेला. दीड वर्ष त्या चुलीत कोंबडी अंडी घालत होती. आईने तिला हुसकलं होतं, राख उपसली होती, काटवट घासूनपुसून घेतली होती आणि शेजारच्या टोपल्यात भाकरींची चळत लावली होती. धुराने तिचे डोळे चुरचुरत होते, पण हात कसे पूर्वीसारखे चालले होते.

ज्याची मी दीड वर्ष वाट बघत होते, ते माझ्यासमोर घडत होतं. आई पुन्हा चुलीपुढे बसली होती. मला खरं तर आनंदाने रडू यायला हवं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे कुणासाठी चाललंय?" मी विचारलं. ठाऊक होतं, तरी विचारलं.

"कुणासाठी म्हंजी? जाऊ गेली माझी. कडू घास न्याया नको?"

आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. वेगळी चूल असलेली भावकी आणि शेजारपाजार आपापल्या घरून पिठलं-भाकरी करून आणतात, घरच्यांना बळेच बसवतात आणि पहिला घास हाताने भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. हा घास आल्याशिवाय त्या घराने काही शिजवायचं नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

नानांनाही माहीत होतं. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, थोरले भाऊ. त्या दिवशी जी गेली ती मोठी आई म्हणजे नानांची बायको. त्यांच्या आणि आमच्या घरात एक भिंत. माझ्या जन्माआधी वाटणी झाली होती, पण भिंतीवरून ताकाचे तांबे आणि लोणच्याच्या वाट्या जात-येत राहिल्या. अण्णा गेले तेव्हापर्यंत.

गावात आजही सांगतात, की त्या दिवशी अनसूयाबाईनं, म्हणजे माझ्या आईनं, मोठ्या मनानं दिराला माफ केलं. लग्नाकार्यात कुणीतरी ही गोष्ट काढतं, बायका माना डोलावतात आणि माझं डोकं सणकतं. म्हणून काय झालं ते एकदा नीट सांगते.

दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात अण्णांना धाप लागली आणि मी त्यांना तालुक्याला कोविड सेंटरात दाखल केलं. आईलाही ताप होता, तिला घरातच कोंडून घ्यायला सांगितलं होतं. मी एकटी खेटे घालत होते. एका सकाळी आतून एक माणूस आला, अंगभर पांढरा झगा, नाव विचारलं आणि म्हणाला, गेले. मला लांबून एक बांधलेली पिशवी दाखवली. तोंड बघायचं आहे म्हटलं तर दोघांनी मला मागे लोटलं. नगरपालिकेच्या माणसांनीच अग्नी दिला. मी फाटकाबाहेर उभी होते आणि रडायचंसुद्धा सुचत नव्हतं.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने आंघोळ केली, सोप्यात घोंगडं टाकून बसली. मी गॅसवर खिचडी टाकायला गेले, तर तिने मला हाताला धरून मागे ओढलं. आपल्या घरात आज चूल पेटत न्हाई, म्हणाली. आणतील.

कुणीही आणलं नाही. नानांनी दुपारीच बोळाच्या तोंडाला बाभळीचं शिरं ओढून लावलं होतं. स्वतःच्या हाताने, सख्ख्या भावाच्या दाराला काटे. दिवेलागणीला भिंतीपलीकडून लसणाच्या फोडणीचा वास आला. आई उठली, पदर सारखा करून दारापर्यंत गेली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. वास आला, घास काही आला नाही. पुतळाकाकू समोरच्या घरातली, आईची जिवाभावाची मैत्रीण. तिने खिडकीतून आमच्याकडे बघितलं आणि खिडकी लावून घेतली. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी आईला धमकावून दूध पाजलं. दहावं-तेरावं काही झालं नाही, चार माणसं जमायला बंदी होती. राख मीच आणली, मीच नदीत सोडली.

आणि त्यानंतर आईचं ते सुरू झालं. संध्याकाळी मी ताट वाढलं की म्हणायची, तू जेव, मी मागनं जेवते. ताट झाकून ठेवायची आणि दार उघडं टाकून उंबऱ्यावर बसायची. सकाळी तेच गार अन्न खायची. चुलीकडे फिरकायची नाही. जिच्या हातच्या वांग्याच्या भरितासाठी अण्णांचे मित्र निमित्त काढून यायचे, ती बाई शिळं खाऊन दिवस काढत होती. मी भांडले, रडले, सांगलीला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, त्याने तिला झोप लागली, बाकी काही नाही. कुंकू तिने पुसलं नव्हतं. ते मात्र मला आवडलं होतं. शाळेतल्या बायकांना मी अभिमानाने सांगायची, की आमच्या आईने जुन्या रूढी झुगारून दिल्या.

मी माझ्यापुरता अर्थ लावून टाकला होता. घास आला नाही याचा आईला धक्का बसला, भावकीने वाळीत टाकल्याचा घाव बसला, म्हणून ती तशी झाली. म्हणजे गुन्हेगार कोण, हे उघड होतं. मी भिंतीवर काचा बसवून घेतल्या. नाना समोरून आले की मी थुंकायची. शाळा सुरू झाली तर माझ्या वर्गातली पोरं कुणी शिंकलं तरी दचकून बाजूला सरकत, एकमेकांच्या डब्यात हात घालत नसत, आणि त्यांना जवळ घ्यायचं सोडून मी त्यांच्यावरच खेकसायची. राग हा असा कुठेही सांडत होता.

नानांचंही काही ठीक नव्हतं, हे दिसत होतं. एकेकाळी एस.टी.च्या स्टँडवर ज्यांचा आवाज घुमायचा, ते नाना आता गोठ्यात वेगळे झोपायचे. सगळ्या गावाने मास्क फेकून दिले तरी यांच्या तोंडावर तो होताच. भाजी साबणाने धुवायचे, हात तर इतके धुवायचे की बोटं चिरली होती. नातवाला त्यांनी कधी उचलून घेतलं नाही. मला दया आली नाही. भोगा म्हटलं.

तर अशा माणसासाठी माझी आई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती.

मी भाकरींचं टोपलं उचललं आणि सरळ गोठ्याकडे निघाले.

"वैजे, खाली ठेव ते."

"म्हशीला घालते. त्यांच्यापेक्षा म्हैस बरी."

"ठेव म्हनती न्हवं."

तिच्या आवाजात असं काही होतं की मी थांबले. गेल्या दीड वर्षात ती माझ्याशी या आवाजात बोलली नव्हती. मी टोपलं ठेवलं, पण तोंड बंद ठेवलं नाही. म्हटलं, तुला काही लाज आहे का नाही? त्यांनी तुझ्या दारात काटे लावले आणि तू त्यांना भरवायला चाललीस. आज त्या घरात माणसांची रीघ लागलीय, आपल्या दारात तेव्हा कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. अण्णांपेक्षा मोठी आई जास्त माणूस होती का?

आईने पिठल्याचं पातेलं फडक्याने उतरवलं. "मला नानास्नी एक इचारायचंय," म्हणाली. "रिकाम्या हातानं मयताच्या घरात कशी जाऊ?"

"काय विचारायचंय?"

"तू चल नाय तर नगं येऊ."

मी गेले. तिच्यासाठी नाही, खरं सांगायचं तर नानांचं तोंड बघायला गेले. आई विचारेल ते सगळ्या भावकीसमोर विचारेल आणि हा माणूस जमिनीत गडप होईल, अशी माझी आशा होती.

नानांचा सोपा भरलेला होता. पुरुष एका बाजूला, बायका माजघराच्या दाराशी. भिंतीला पाच-सहा टोपली ओळीने लागलेली, कुणाची खिचडी, कुणाचं पिठलं. नाना खांबाला टेकून बसले होते, तोंडावर मास्क. आम्ही आत शिरलो तशी कुजबुज थांबली. पुतळाकाकूने सरकून जागा केली, मी तिच्याकडे बघितलंही नाही.

आईने टोपलं नानांच्या पुढ्यात ठेवलं, पण वरचं फडकं सोडलं नाही. मग तिने जे केलं त्याने सगळ्यांच्या माना वळल्या. थोरल्या दिराशी आमच्याकडे धाकटी भावजय थेट बोलत नाही. डोक्यावर पदर, मान खाली, आणि काही सांगायचंच झालं तर कुणाला तरी मध्ये घालून. आईच्या लग्नाला तीस-बत्तीस वर्षं झाली होती, तिने नानांकडे मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली,

"नाना, त्या दिवशी घास का आणला न्हाई, ते मी इचारत न्हाई. तुमी भ्यालावता. समदा गाव भ्यालावता. मला येवढंच सांगा, घास केला व्हता का न्हाई?"

मला प्रश्नच कळला नाही. केला असला काय, नसला काय. आणला नाही ना? मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात नानांनी कानामागची दोरी सोडली आणि मास्क काढून मांडीवर ठेवला. दीड वर्षात त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. गाल आत गेले होते.

"केला व्हता," ते म्हणाले. "हिनं केला व्हता. पिठलं आन भाकरी. टोपलं डोक्यावर घिऊन पार दारापतुर गेली. मी काढून घेतलं. म्हनलं, तू गेलीस तर परत घरात घेनार न्हाई." त्यांनी मांडीवरचा मास्क मुठीत चुरगळला. "लई रडली. मंग मी ते म्हशीला घातलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अण्णांचा घास म्हशीने खाल्ला होता. मी उठून उभी राहिले, तोंडाला येईल ते बोलले, काय बोलले ते आता आठवत नाही, पण भावकीतल्या एका म्हाताऱ्याने मला खाली बसायला सांगितलं तेव्हा त्यालाही सोडलं नाही. आईने माझ्याकडे न बघता नुसता हात वर केला. ती नानांकडेच बघत होती.

"म्हंजी तुमास्नी खातरी व्हती," ती म्हणाली.

"कशाची?"

"हे गेल्याची."

नानांना समजलं नसावं. कुणालाच समजलं नव्हतं. आई हळूहळू, एकेक शब्द जागेवर ठेवत बोलू लागली.

"मला वाटलं, घास आला न्हाई म्हंजी नानास्नी काय तरी ठाव आसंल. थोरला भाव हाय, खरंच गेलं आसतं तर कितीबी भ्याला आसता तरी घास धाडल्याबिगर ऱ्हायला नसता. मंग वैजीचंच चुकलं आसंल. तिनं तरी तोंड कुठं बघितलं? पिशवी बघितली. दुसऱ्या कुणाची आसंल. येवढी मानसं पडलीवती तितं, चुकलं आसंल त्यांचं. कुनी रडाय आलं न्हाई, कुनी घास आणला न्हाई, माझं कुंकूबी पुसाय आलं न्हाई कुनी. मेलेल्या मानसाच्या घरी आसं आसतंय का?"

आईने टोपल्यावरच्या फडक्याची गाठ पुन्हा आवळली.

"मंग मी त्यांच्या आदी कशी जेवू?"

मी पुतळाकाकूच्या शेजारी मटकन बसले. रोज संध्याकाळी झाकलेलं ते ताट आईचं नव्हतं. ते अण्णांचं होतं. ती उंबऱ्यावर घासाची वाट बघत नव्हती, नवऱ्याची बघत होती, आणि रात्र सरूनही तो आला नाही की सकाळी त्याचं उरलेलं खात होती, अख्खा जन्म खाल्लं तसं. कुंकू तिने लावलं होतं कारण तिच्या लेखी ती सवाष्ण होती. आणि मी शाळेत बढाया मारत होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्या वेडाच्या. वेड कसलं? तिचा हिशोब तर चोख होता. ज्या गावाने माणूस गेल्याचं एकही काम केलं नाही, त्या गावात माणूस गेलाच नाही, असं ती समजली होती. चूक तिची नव्हती. ज्यांनी तिला हे समजायला लावलं ते सगळे त्या सोप्यात मांडी घालून बसले होते.

"गेला," नाना म्हणाले. "दिनकर गेला, अनसूया. मी कळल्या कळल्या गोठ्यात जाऊन आंघूळ केली. सुतक धरलं."

"मंग आता आणा," आई म्हणाली. ती उठून उभी राहिली. "माझ्या दारात आणा. तुमच्या हातानं."

तो मघाचा म्हातारा पुन्हा बोलला. आज ज्याच्या घरात मयत झालंय त्यानं दुसऱ्याकडं घास न्यायचा नसतो, रीत नाही ती. त्याला उत्तर द्यायला माझी जीभ शिवशिवत होती, पण नाना उठले होते. त्यांनी आईचं टोपलं उचललं. चिरलेल्या बोटांनी ते नीट धरताही येत नव्हतं. दीड वर्षात त्यांनी दुसऱ्याच्या घरातलं भांडं हातात घेतलं नव्हतं. टोपलं छातीशी धरून ते अनवाणी बाहेर पडले, आणि आई त्यांच्या पुढे.

बोळ काही लांब नाही. पण दोन्हीकडच्या ओट्यांवर माणसं आली होती आणि त्या माणसांच्या देखत नाना चालत होते. कुणीतरी मदतीला पुढे आलं, त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मी मागून चालत होते. मला वाटत होतं, पडावेत हे. तोंडावर पडावेत. पडले नाहीत.

आई सोप्यात जाऊन बसली, जिथे ती त्या दिवशी घोंगडं टाकून बसली होती तिथेच. नाना तिच्यासमोर बसले. फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला. पिठलं अजून ऊन होतं, वाफ दिसत होती. थोडं पिठलं आईच्या लुगड्यावर सांडलं. त्यांनी तिच्या तोंडात घास घातला. तिने तो चावला, गिळला.

आणि मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. आई अण्णांना नावाने हाक मारत नसे. तिने नाव घेऊन हंबरडा फोडला. दिनकर, दिनकर, एवढंच. जमिनीवर हात आपटत होती, आणि नाना तिच्यासमोर दोन्ही हातांत तोंड धरून बसले होते, तेही रडत होते, भावासाठी का बायकोसाठी कुणास ठाऊक.

आवाज बोळात गेला तशा बायका धावत आल्या. सगळ्यांच्या पुढे पुतळाकाकू, पदर तोंडाशी धरून. त्यांना सवय असते. कुठे रडणं ऐकलं की पाय आपोआप तिकडे वळतात, गळ्यात गळा घालतात. मी उठले आणि दारात आडवी उभी राहिले. चौकटीच्या दोन्ही बाजूंना दोन हात लावले.

"तेव्हा आला नाहीत," मी म्हणाले. "आता कुणी यायचं नाही."

"वैजू, आगं आईकडं बघ तुझ्या," पुतळाकाकू म्हणाली.

"खिडकीतून बघा. तुम्हाला येतं तसं बघायला."

ती रडायला लागली. मला बरं वाटलं. मागच्या बायका थबकल्या, आणि मी अशीच उभी राहिले असते, खरंच सांगते, अंधार पडेपर्यंत उभी राहिले असते. एकीलाही आत सोडलं नसतं.

पाठीमागून आईचा आवाज आला. रडून बसलेला, पण पुन्हा तोच, चुलीपुढचा.

"येऊ दे गं त्यास्नी. मला एकटीला न्हाई झेपत."

मी हात खाली घेतले. बायका माझ्या अंगावरून आत गेल्या. जाता जाता पुतळाकाकूने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी झटकून टाकला.